आईच्या चित्रपटाची चोरी

डार्मश्टाट, ११ फेब्रुवारी २०२४

बाबा,

'तीर्थरूप' लिहायला पेन उचललं होतं, पण ते पुढे सरकेना. सहा वर्षं आपण एकमेकांशी बोललेलो नाही, त्यात एकदम तीर्थरूप कुठून आणू? तेव्हा नुसतं बाबा.

तुम्ही माझा फोन उचलत नाही म्हणून हे पत्र. रजिस्टर्ड पोस्टानं पाठवते आहे, म्हणजे पोस्टमनसमोर सही करून घ्यावंच लागेल. घेतल्यावर न वाचता कपाटात टाकू नका. तुमच्या कपाटात गेलेल्या गोष्टी पुन्हा उजेडात येत नाहीत, हे मला चांगलं माहीत आहे.

काल मला इथल्या एका वकिली फर्मचं जाडजूड पाकीट आलं. ह्याला इथे आबमानुंग म्हणतात, म्हणजे ताकीदपत्र. मजकूर असा की बारा जानेवारीला सकाळी दहा वाजून चौदा मिनिटांनी माझ्या घरच्या इंटरनेटवरून एक चित्रपट टॉरेंटवर इतरांना बेकायदा वाटला जात होता. नऊशेच्या वर युरो भरा, आणि सोबतच्या कागदावर सही करा की हा चित्रपट मी आयुष्यात पुन्हा कुणाला देणार नाही. मुदत दहा दिवस. खाली चित्रपटाचं नाव: 'पाटाचं पाणी'. दिग्दर्शक: श्यामकांत, पुणे.

मी ते नाव तीनदा वाचलं. मग स्वयंपाकघरात एकटीच हसत सुटले. अन्वी खोलीतून बाहेर आली आणि जर्मनमधून विचारू लागली की काय झालं. तिला काय सांगू, की तुझ्या आजोबांच्या सिनेमाची चोरी केली म्हणून तुझ्या आईला धरलंय?

होय, मीच टाकला तो टॉरेंटवर. लपवाछपवी नाही. मी जर्मनीला निघाले तेव्हा आईनं साड्यांच्या घडीत व्हिडिओ कॅसेट ठेवली होती. तुम्हाला माहीत नव्हतं, कारण तुम्हाला सांगितलं असतं तर तीही कपाटात गेली असती. एक आठवडा चाललेला सिनेमा, चार लोक हसले, आणि तुम्ही तो असा कोंडला की आईचं त्यातलं काम नातेवाइकांनीसुद्धा पुन्हा पाहिलं नाही. शेवटच्या आजारपणात ती फोनवर मला म्हणाली होती, "तिकडे कुणाला दाखवलंस का गं?" मी 'नाही' म्हटलं. ते 'नाही' मला अजून टोचतं. म्हणून मागच्या वर्षी मी कॅसेटची फाइल करून घेतली आणि इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर सगळ्यांना सांगितलं, बघा, आणि फाइल चालू ठेवा म्हणजे पुढच्यालाही मिळेल. तीस-पस्तीस घरांनी पाहिला. बायका मला गाठून विचारायच्या, पाटाचं पाणी सोडणारी ती पाटकरीण कोण हो? मी ताठ मानेनं सांगायचे, माझी आई.

आता प्रश्न एवढाच. सिनेमा तुमच्या कपाटात होता. मग ह्या जर्मन वकिलांच्या हातात त्याचे हक्क कसे गेले? तुम्ही विकलेत का? कुणाला? काय लिहून दिलंत? कराराची प्रत पाठवा.

सही मी करणार नाही. जो सिनेमा जगात कुठेही विकत मिळत नाही, त्याची चोरी कसली? त्यांना तो दाखवायचा नाही, विकायचा नाही, फक्त बघणाऱ्याला पकडायचंय. मी तुमची मुलगी आहे बाबा, हट्टीपणा काही मी जर्मनीत येऊन शिकलेले नाही.

शुभदा

*

डार्मश्टाट, ९ मार्च २०२४

बाबा,

पोचपावती आली. तुमची सही आहे. उत्तर मात्र नाही. ठीक आहे, तुम्ही गप्प बसा, मी लिहिते.

पत्र एकट्या मला आलेलं नाही. मंडळातल्या बावीस घरांना आलंय. तोच मजकूर, फक्त नाव आणि वेळ वेगळी. धंदाच आहे हा. मशीन लावून कोण कुठली फाइल वाटतंय त्याची यादी काढायची आणि घाऊक पत्रं धाडायची. रक्कम अशी ठेवायची की लढायला वकील केला तर तेवढेच जातात, मग माणूस म्हणतो जाऊ दे, भरून मोकळे होऊ. आणि आपले लोक तर काय, 'कोर्ट' शब्द दिसला की थेट व्हिसा आठवतो. यशोधन म्हणून एक मुलगा आहे, दोन वर्षांपूर्वी आला, सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्यानं पाकीट उघडल्यापासून तासाभरात पैसे भरले. मी म्हटलं, अरे ह्याचा आणि व्हिसाचा काडीचा संबंध नाही. तर म्हणाला, "ताई, रिस्क नको. माझं परमनंट व्हायचंय अजून."

त्याला मी काय तोंडानं बोलणार? फाइल चालू ठेवा हे त्याला सांगणारी मीच. बावीस घरांच्या दारात ही पाकिटं माझ्यामुळे गेली. रस्त्यात कुणी भेटलं तर माझीच नजर खाली जाते. त्यामुळे हे प्रकरण आता माझ्या एकटीचं राहिलेलं नाही, हे लक्षात घ्या.

आणि आमच्या घरचे शहाणे ऐका. मी वकील शोधत होते, तेवढ्यात गुरुदत्तनं मला न विचारता त्या फर्मला ईमेल लिहिला. आदरणीय महोदय, माझ्या पत्नीनं हा चित्रपट अपलोड केला कारण त्यात तिच्या दिवंगत आईचं काम आहे, ती फार भावुक झाली होती, असं पुन्हा होणार नाही, कृपया सहानुभूतीनं विचार करावा. शाळेतल्या माफीपत्रासारखा! खाली सही, पत्ता, फोन नंबर.

मी ओरडले तर म्हणे, "अगं, पोलाइटली लिहिलं की केस क्लोज करतील. गेनाऊ, अगदी तेच केलं मी. ह्यूमन अँगल दिला."

"ह्यूमन अँगल? तू कबुलीजबाब दिलास रे माझा!"

"आल्झो, म्हणजे इतकं काय त्यात? खरं तेच लिहिलं ना?"

वकीलबाई फ्राऊ हेलविग. त्यांनी तो ईमेल वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, माझे भारतीय अशील आधी माफी मागतात आणि मग माझ्याकडे येतात, नेहमी ह्याच क्रमानं. एरवी मला म्हणता आलं असतं की घरात तीन माणसं इंटरनेट वापरतात, कुणी केलं ते तुम्ही सिद्ध करा. तो रस्ता नवऱ्यानं स्वतःच्या हातानं बंद केला. आता एकच उरलंय. हा सिनेमा मुळात त्यांचा आहे का, हे विचारायचं.

म्हणून पुन्हा मागते. करार पाठवा, बाबा. मागच्या भांडणाचा राग ह्यात आणू नका. आईच्या तेराव्याच्या दिवशी सगळ्यांसमोर मी तुम्हाला म्हटलं होतं की तुम्ही सिनेमाबरोबर आईलाही कोंडलंत. ते शब्द मी मागे घेत नाही, पण तेव्हा आणि तिथे म्हणायला नको होते, एवढं कबूल करते. तुम्ही म्हणालात, आजपासून तू माझी कुणी नाहीस. तेही मी रागातलं बोलणं म्हणून धरलं होतं.

शुभदा

*

डार्मश्टाट, २२ सप्टेंबर २०२४

बाबा,

करार तुम्ही पाठवला नाहीत. त्यांनीच पाठवला. मी पैसे भरत नाही म्हटल्यावर त्यांनी कोर्टात दावा लावला, आणि दाव्यासोबत हक्काचे पुरावे जोडावे लागतात. शुक्रवारी दुपारी फ्राऊ हेलविगच्या ऑफिसात ते सगळं समोर आलं.

तर दोन वर्षांपूर्वी मुंबईच्या कुठल्याशा कंपनीचा माणूस तुमच्याकडे आला. त्यानं जुने मराठी सिनेमे पोत्यानं विकत घेतले, त्यात आपलाही. पुढे परदेशातले ऑनलाइन हक्क ह्या लोकांकडे आले. मग ती पत्रं. इथवर मी गृहीतच धरलं होतं. पैशासाठी तुम्हाला बोल लावणार नाही, म्हातारपणी चार पैसे मिळाले तर मिळाले.

पण खाली आणखी एक कागद होता. तुमचं प्रतिज्ञापत्र, त्यावर अधिकृत जर्मन भाषांतर टाचलेलं. मी आधी भाषांतरच वाचलं, कारण ते वर होतं. निर्माती मनोरमा ह्यांच्या निधनानंतर त्यांचे पती श्यामकांत हे एकमेव वारस. अपत्ये: नाहीत.

मला वाटलं, भाषांतर करणाऱ्यानं घोळ घातला. म्हणून खालचं मराठी वाचलं. तुमची सही मी लहानपणापासून प्रगतिपुस्तकावर बघत आले आहे, ती ओळखायला मला कुणाची गरज नाही. फ्राऊ हेलविग विचारत होत्या की तुम्हाला पाणी देऊ का, आणि मला कळेचना त्या कुणाशी बोलताहेत.

बाबा, भांडणात म्हणालात 'तू कुणी नाहीस', ते मी सहा वर्षं गिळलं. स्टँपपेपरवर लिहून, नोटरीपुढे उभं राहून, शपथेवर? तुमचा राग आला हे म्हणणंसुद्धा कमी आहे.

आता कायद्याचं ऐका, कारण ते तुमच्यावरच येणार आहे. तुम्ही पाटबंधारे खात्यात होता. सरकारी नोकराला खाजगी धंदा करता येत नाही, म्हणून सगळ्यांसारखं तुम्हीही बायकोचं नाव पुढे केलंत. सेन्सॉर सर्टिफिकेटवर निर्माती म्हणून आई. पतपेढीचं कर्ज तिच्या शाळेच्या पगारावर. तेव्हा मी आठवीत होते आणि फॉर्मवर ती सह्या करताना शेजारी बसून शाई वाळवत होते. नावापुरती असेल, पण कागदावर मालकीण तीच. ती गेल्यावर निम्मा सिनेमा तुमचा आणि निम्मा माझा. माझ्या सहीशिवाय तुम्ही तो विकूच शकत नव्हता. म्हणजे ज्या सिनेमाच्या चोरीसाठी मला कोर्टात उभं केलंय, त्याची अर्धी मालकीण मीच आहे.

फ्राऊ हेलविग म्हणाल्या, हे एक वाक्य कोर्टात बोललात की दावा कोसळतो, आणि तुमच्यावरचाच नाही, सगळ्यांवरचा. पण ते बोलायचं म्हणजे तुमच्या वडिलांनी शपथेवर खोटं लिहून दिलं, हे बोलायचं. ते रेकॉर्डवर जाईल. ती मुंबईची कंपनी तुमच्या वडिलांवर उलटेल, पैसे परत मागेल, तिकडे फसवणुकीची तक्रारही करेल. तुम्हाला चालेल?

मी म्हटलं, विचार करून सांगते.

तुम्ही अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहात. पोलीस चौकीच्या बाकावर बसलेले तुम्ही मला दिसता आणि मी घाबरते. मग तो कागद आठवतो आणि पुन्हा संतापते. सुनावणी चौदा जानेवारीला आहे. तोवर तुम्ही स्वतःहून खरं लिहून दिलंत, चूक झाली म्हणून, तर तुमच्यावर येणारं बरंच टळेल, असं वकीलबाई म्हणतात; त्यांचा ईमेल पत्ता सोबत आहे. नाही दिलंत तर काय करायचं ते मी ठरवेन. 'माझी कुणी नाही' म्हटलेल्या बाईकडून फार दयेची अपेक्षा ठेवू नका.

शुभदा

*

डार्मश्टाट, ६ जानेवारी २०२५

बाबा,

शुक्रवारी तुमचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या कँटीनमध्ये ताट हातात घेऊन उभी होते. सात वर्षांनी तुमचा आवाज, आणि पहिलं वाक्य काय, तर "किती भरायचेत ते सांग, मी पाठवतो, विषय संपव." कशी आहेस नाही, अन्वी किती मोठी झाली नाही. तुम्ही घाबरलेले होता हे मला समजलं. पण मीसुद्धा माणूस आहे.

तुमचे पैसे नकोत. बोलताना तोंडात अडकलं ते इथे लिहिते.

मी विचारलं, तसं का लिहिलंत? मला वाटलं होतं तुम्ही म्हणाल, तुझा राग होता म्हणून. ते मी समजू शकले असते. तुम्ही म्हणालात, "तो एजंट म्हणाला, मुलगी परदेशात असेल तर तिची सही आणायला सहा महिने जातील. 'नाही' लिहा, पटकन होईल. मी लिहिलं." मी म्हटलं, मला फोन केला असतात तर मी आठवड्यात सही पाठवली असती. मग म्हणालात, "फोन मीच करायला हवा होता ना. तेच जमलं नाही."

म्हणजे एक फोन करायला नको, म्हणून मी जन्मलेच नाही!

त्या दिवशी मी जेवले नाही. रडले, हेही सांगते, ऑफिसच्या टॉयलेटमध्ये, बाहेर नळ चालू ठेवून. पण मग डोकं ताळ्यावर आलं आणि एक गोष्ट पक्की झाली. मी गप्प बसले, पैसे भरले, सही केली, तर त्या कागदावरचं खरं ठरतं. आईला मूल नव्हतं. तिचं काम कुणाच्याही हातात देणं हा तिच्या मुलीचा हक्क नव्हता, कारण मुलगीच नव्हती. हे मी मान्य करणार नाही. तुम्ही अडचणीत आलात तरी नाही.

गुरुदत्त म्हणतो, "अगं, बाबा आहेत ते तुझे. ह्या वयात त्यांना कोर्टबिर्ट कशाला?" ह्या माणसानं पुन्हा कुणाला ईमेल लिहू नये म्हणून मी त्याचा लॅपटॉप घेऊन ठेवलाय. अर्धी गंमत, अर्धं खरं.

चौदा तारखेला मी जन्मदाखला घेऊन जाणार आहे. इथलं नागरिकत्व घेताना त्याचं अधिकृत भाषांतर केलेलं आहे. त्यावर आईचं नाव आहे आणि तुमचंही. तुम्ही लिहून दिलंत तर दिलंत. नाही दिलंत तरी मी बोलणार. तुम्हाला आधी सांगते आहे, एवढीच मुलगी म्हणून सवलत.

शुभदा

*

डार्मश्टाट, १७ जानेवारी २०२५

बाबा,

झालं. क्रमानं सांगते.

तेरा तारखेला संध्याकाळी फ्राऊ हेलविगचा फोन आला की पुण्याहून काहीतरी स्कॅन होऊन आलंय, मला वाचता येत नाही, तुम्ही सकाळी जरा लवकर या. मी मुद्दाम तो ईमेल रात्री घरी मागवला नाही, सकाळीही नुसती खालची तुमची सही ओळखून कागद परत दिला. वाचून खचले असते किंवा विरघळले असते, दोन्ही नको होतं.

कोर्टाची खोली अगदी साधी, आपल्याकडच्या शाळेतल्या स्टाफरूमएवढी. त्यांच्याकडून आलेला तरुण वकील तिथलाच, एका दिवसापुरता भाड्यानं घेतलेला. त्याच्या बॅगेत अशाच सात-आठ केसेस होत्या आणि माझं नाव त्याला फाइल उघडून बघावं लागलं. बाहेरच्या पॅसेजमध्ये तो फोनवर बोलून आला आणि म्हणाला, आम्ही दावा मागे घेतो, तुमचा खर्चही देतो. अट एकच, वारसाबद्दलचा मुद्दा तुम्ही कुठेही, कुणाकडेही काढायचा नाही.

म्हणजे मी सुटेन, आणि यशोधन नि बाकीचे वीस जण भरलेले पैसे विसरून जातील. तुमचाही खोटेपणा कायमचा झाकला जाईल. खरं सांगू? क्षणभर मोह झाला. तुमच्यासाठी झाला, माझ्यासाठी नाही. मग म्हटलं, नाइन, नाही. फ्राऊ हेलविगनं लगेच दार उघडलं.

न्यायाधीशबाईंनी विचारलं, निर्माती मनोरमा तुमच्या कोण? मी जन्मदाखला पुढे ठेवला. म्हटलं, माझी आई, आणि ज्यात 'अपत्ये नाहीत' लिहिलंय तो कागद खोटा आहे. मग फ्राऊ हेलविगनं तुमचं पत्र काढलं. न्यायाधीशबाई म्हणाल्या, अधिकृत भाषांतर नसल्यामुळे पुरावा म्हणून आज घेता येणार नाही, पण त्यात काय आहे ते सांगा. तेव्हा मी ते पहिल्यांदा वाचलं, तिथे, सगळ्यांसमोर, मोठ्यानं. आधी मराठीत, मग जर्मनमध्ये.

"मला एक मुलगी आहे. तिचं नाव शुभदा. तिची सही घ्यायची टाळाटाळ म्हणून मी खोटं प्रतिज्ञापत्र केलं. सिनेमा तिच्या आईचा होता. मी तो विकायला नको होता आणि कपाटातही ठेवायला नको होता."

मराठी नीट वाचलं. जर्मनमध्ये पहिल्याच वाक्याला अडले. एवढं सोपं वाक्य, अन्वी बालवाडीत शिकली असेल असं, आणि ते मला म्हणता येईना. न्यायाधीशबाई थांबल्या, घाई केली नाही.

त्यानंतर त्या भाड्याच्या वकिलानं जागच्या जागी दावा मागे घेतला. बिनशर्त. निकाल लागू नये म्हणूनच, कारण निकाल लागला की तो पुढच्या माणसाला दाखवता येतो. मला भयंकर राग आला. निकाल हवा होता मला, शिक्क्याचा. तो नाही मिळाला, तर नाही. त्यांनी तोंड फिरवलं म्हणून मी गप्प बसणार असं त्यांना वाटलं असेल तर ते मला ओळखत नाहीत.

काल यशोधन घरी आला. तुमचं पत्र, करार आणि जन्मदाखला, तिन्हीच्या प्रती बाकीच्या सगळ्या घरांना जाताहेत. ज्यांनी भरले ते परत मागणार, ज्यांनी सही केली ते वकिलाला विचारून ती रद्द करायला लिहिणार. ज्या मुलाला रिस्क नको होती, तोच आता पहिला दावा लावतोय. पाकिटं चिकटवताना तो जरा संकोचून म्हणाला, "ताई, काकांचं नाव झाकू का? उगाच बोभाटा होईल."

मी म्हटलं, झाकू नकोस. खोटं त्यांनी नाव घालून लिहिलं होतं, खरंही तसंच लिहिलंय. मंडळात चार लोक बोलतील, बोलू देत. तुम्हाला लाज वाटेल, मला माहीत आहे. थोडी वाटायलाच हवी.

सिनेमा मी पुन्हा टॉरेंटवर लावला आहे. तुमची परवानगी मागत नाही, कळवते आहे. मी तुम्हाला माफ केलंय असंही समजू नका. ते कधी होईल, होईल की नाही, मला आज सांगता येत नाही. पण तुमच्या त्या पत्राची मूळ प्रत पोस्टानं पाठवा, ती मी दुसऱ्या कुणाला देणार नाही, माझ्याकडे राहील.

आता कामाचं, नीट वाचा. त्या कंपनीचा माणूस ह्या आठवड्यात तुमच्या दारात येईल. आवाज चढवेल, नाहीतर पेढे घेऊन येईल. म्हणेल, काका, एवढ्यावर सही करा म्हणजे मिटलं. बसवू नका, चहा देऊ नका, चष्मा सापडत नाही म्हणून सांगा. कुठल्याही कागदावर पेन टेकवायच्या आधी मला फोन करा. दिवस असो, रात्र असो, मी उचलेन.

शुभदा